दुरुस्तीच्या घरातील दिवाळी आणि दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी : एक सविस्तर परीक्षण

स्वयंपाकघराचा ओटा फोडलेला आहे, न्हाणीघराची फरशी उखडलेली आहे, अर्धा संसार खोक्यांत बांधून झाला आहे, मुलांना दिवाळीची सुट्टी लागली आहे आणि गॅसचा सिलिंडर वितरकाकडे जमा झाला आहे, अशा घरात पाच माणसांचा रोजचा स्वयंपाक आणि त्यावर दिवाळीचा फराळ एकाच इंडक्शन शेगडीवर निभावतो का, हे या परीक्षणात सांगायचे आहे. निभावतो, असे माझे अनुभवान्ती मत आहे. मात्र त्यासाठी काही गोष्टी आधी जुळवून घ्याव्या लागतात, आणि त्या शेगडीच्या खोक्यावर किंवा दुकानदाराच्या तोंडी क्वचितच असतात. म्हणून हे लेखन जरा तपशिलात जाऊन केले आहे.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. डोंबिवलीतील आमच्या जुन्या सदनिकेच्या न्हाणीघरातून खालच्या मजल्यावरच्या छतात पाणी झिरपत होते. यजमानांची नाशिकला बदली झाल्यामुळे सदनिका विकण्याचे ठरले, आणि घेणाऱ्यांच्या ताब्यात घर देण्यापूर्वी गळती थांबवून देण्याचे आम्ही कबूल केले होते. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांची भिंत एकच, त्या भिंतीतील नळाची लाईनही एकच. त्यामुळे न्हाणीघराची फरशी काढायची तर ओट्याचा कडप्पाही उचलावा लागणार होता. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होते, म्हणून स्थलांतर सुट्टीतच उरकायचे होते. त्यातच २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि छठपूजा त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आली. फरशीचे मिस्त्री बिहारचे, ते छठेला गावी जाणार आणि तेथून कधी परततील याचा भरवसा नाही. काम दिवाळीपूर्वी आणि दिवाळीतच करून घेण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. दुसऱ्या शहरात राहायला जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत करून, अनामत रक्कम आणि व्हाउचर घेऊन, नव्या गावी त्या व्हाउचरवर जोडणी घ्यावी लागते. दिवाळीत वितरकांची कार्यालये बंद राहणार म्हणून हे काम आम्ही आधीच उरकले. अशा रीतीने ऐन फराळाच्या दिवसांत घरात गॅस नव्हता आणि गॅस ठेवायला ओटाही नव्हता.

परीक्षण ज्या वस्तूचे आहे ती म्हणजे एकाच भांड्यासाठीची, वर काच असलेली, बटणांची, २००० वॅटपर्यंत चालणारी इंडक्शन शेगडी. प्रेस्टीज, फिलिप्स, बजाज, पिजन, उषा अशा अनेक कंपन्या या वर्गातील शेगड्या विकतात आणि साधारण दोन ते साडेतीन हजार रुपयांत त्या मिळतात. मी कंपनीचे नाव देत नाही. या वर्गातील शेगड्यांचे गुण आणि दोष बहुतांशी सारखेच असतात, आणि पुढे जे लिहिले आहे ते कोणत्याही कंपनीच्या शेगडीला थोड्याफार फरकाने लागू पडावे.

शेगडी घेण्यापूर्वी आम्ही इतर पर्यायांचाही विचार केला होता. इंडियन ऑईलचा ‘छोटू’ नावाने ओळखला जाणारा ५ किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर मिळतो, आणि तात्पुरत्या बिऱ्हाडासाठी तो उत्तम आहे. परंतु ज्या घरात दिवसभर फरशी कापली जाते, कामगारांची ये-जा असते आणि स्वयंपाक बैठकीच्या खोलीत पडद्यांजवळ करावा लागणार आहे, तेथे उघडी ज्योत मला नको होती. इन्फ्रारेड शेगडीवर पितळेपासून हिंदालियमपर्यंत कोणतेही भांडे चालते, हा तिचा मोठा गुण; पण तिची काच लालबुंद तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तशीच राहते. घरात सात वर्षांचा मुलगा असताना ती जमिनीलगतच्या ठेंगण्या टेबलावर ठेवणे मला मान्य नव्हते. इंडक्शनमध्ये काच स्वतः तापत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने थेट भांड्याचा लोखंडी तळ तापतो, आणि भांड्यामुळे काच गरम होते. भांडे उचलले की उष्णता निर्माण होणे थांबते. दुरुस्तीच्या घराला हीच गोष्ट सर्वांत सोयीची आहे.

भांडी हा या शेगडीचा पहिला आणि खरा प्रश्न आहे. ज्या भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो तेच भांडे चालते, आणि तळ सपाट असावा लागतो. मराठी स्वयंपाकघरात या अटी पुऱ्या करणारी भांडी वाटतात त्यापेक्षा बरीच कमी असतात. सासूबाईंचे पितळी पातेले, ज्यात आजवर प्रत्येक दिवाळीचा पाक झाला, ते बाद. हिंदालियमची मोठी कढई, जिच्यात चकल्या तळल्या जातात, ती बाद. लोखंडी कढई चुंबकाला चिकटते, पण तिचा तळ गोल असल्यामुळे ती काचेवर डुलते आणि शेगडी ती ओळखतही नाही. स्टीलची साधी पातेली तर एकाच दुकानातून घेतलेली असली तरी काही चिकटतात आणि काही चिकटत नाहीत. बिडाचा तवा, सपाट तळाचा लोखंडी तवा आणि जाड तळाचा स्टीलचा कुकर हे मात्र पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झाले.

याच अडचणीतून आमच्या घरात एक अत्यंत उपयोगी काम झाले. मुलांनी फ्रीजच्या दारावरचे चुंबक काढून घेतले आणि मांडणीवरचे प्रत्येक भांडे उलटे करून तपासायला सुरुवात केली. चिकटले ते खाली काढायचे, न चिकटले ते बांधायच्या ढिगात टाकायचे. स्थलांतरात सर्वांत मोठा घोळ ‘हे आत्ता लागेल का’ या प्रश्नाने होतो, आणि प्रत्येक वस्तूपाशी घरातील दोन माणसांचे तरी मतभेद होतात. येथे चुंबकानेच निर्णय दिला. दुपारपर्यंत स्वयंपाकघरातील बहुतेक भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत गेली होती आणि बाहेर फक्त तीन पातेली, कुकर, दोन तवे आणि एक नवी सपाट तळाची जाड कढई उरली होती. सासूबाई आपल्या पितळी पातेल्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “अगं, हे मात्र मी माझ्या हाताने बांधणार, ते कामगारांकडे नको.” मी म्हटले, “आई, ते आपल्याबरोबर गाडीतच घेऊ.” आणि तसेच ते नेले. ज्यांना घर बदलायचे आहे त्यांनी शेगडी घेण्याआधी हा चुंबकाचा खेळ जरूर खेळावा. किती नवी भांडी घ्यावी लागतील ते कळते, आणि बांधाबांधही निम्मी होते. नव्या कढईचा खर्च शेगडीच्या किमतीत धरूनच हिशेब करावा, कारण तळणीची जाड, सपाट, चुंबकाला चिकटणारी कढई स्वस्त मिळत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि त्याबाबत मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. २००० वॅटची शेगडी पूर्ण क्षमतेने चालू असताना साधारण पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेते. घरातील पंख्या-दिव्यांच्या बोर्डावरील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. तिची पिन मोठ्या सॉकेटसाठीची असते ती याच कारणाने. तरीही अनेक घरांत कन्व्हर्टर लावून ती लहान सॉकेटमध्ये खोचली जाते, सॉकेट तापते, प्लास्टिक पिवळे पडते आणि कधीतरी जळका वास येतो. स्वयंपाकघराचे पॉवर पॉइंट दुरुस्तीमुळे बंद असतात तेव्हा हा मोह आणखी वाढतो. आम्ही वायरमनकडून १६ अँपिअरचे सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर असलेला बोर्ड करून घेतला आणि तो एसीच्या पॉइंटला जोडला. बाजारातील बारीक वायरचे, चार-पाच सॉकेटांचे एक्स्टेन्शन बोर्ड या कामाचे नाहीत, हे ठामपणे सांगते.

यातही एक गाठ उरली. फरशी कापण्याचे यंत्र मिस्त्रींनी त्याच ओळीवरच्या दुसऱ्या पॉइंटला लावले की शेगडी आणि यंत्र मिळून एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडत असे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आहेत आणि घर एकदम शांत झाले आहे, असे वारंवार होऊ लागले. शेवटी मिस्त्रींशी बोलून वेळा ठरवल्या : सकाळी दहापर्यंत आमचा स्वयंपाक, मग दुपारपर्यंत त्यांचे कापणे, दुपारच्या त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत आमचे भाजणे-तळणे, आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा आमचे. या वेळापत्रकाने फराळ तर झालाच, शिवाय मिस्त्री आणि आमचे संबंधही चांगले राहिले. त्यांच्या जेवणाच्या वेळी सासूबाई दररोज त्यांच्यापुढे गरम काहीतरी ठेवत, आणि पहिल्या घाण्यातील शंकरपाळी सर्वांत आधी त्यांनीच चाखली. गळतीचे काम करणाऱ्यांना घाई करून चालत नाही. जलरोधक थर दिल्यावर न्हाणीघरात पाणी तुंबवून ते निदान चोवीस तास तसेच ठेवावे लागते, आणि खालच्या छताला ओल येत नाही याची खात्री झाल्यावरच फरशी बसवायची असते. या थांब्याच्या काळात यंत्राचा आवाज नसतो, वीज मोकळी असते. आम्ही चकल्या त्या दिवशी काढल्या.

तिसरी गोष्ट धुळीची. ही मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळाली नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. इंडक्शन शेगडीच्या तळाशी पंखा असतो. तो खालून हवा ओढतो आणि मागून सोडतो. घरात फरशी कापली जात असताना हवेत सिमेंटची आणि फरशीची अतिशय बारीक पूड तरंगत असते, आणि पंखा ती थेट आतील सर्किटवर ओढतो. शेगडी उलटी करून पाहिली तेव्हा जाळीच्या पट्ट्यांवर पिठासारखा करडा थर बसलेला दिसला. पुढे आम्ही तीन नियम पाळले. कापण्याचे काम चालू असताना शेगडी चालवायची नाही. ती बंद असताना पंखा पूर्ण थांबू द्यायचा आणि मग तिच्यावर जुनी चादर टाकायची. आणि रोज रात्री कोरड्या ब्रशने जाळी साफ करायची. स्वयंपाक संपताच प्लग ओढण्याची सवय अनेकांना असते, ती येथे सोडावी लागते. बटणाने बंद केल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, तो आतील भाग थंड करत असतो. शिवाय ती भिंतीपासून निदान वीतभर दूर ठेवावी. आतील ऊब झुरळांना आवडते, आणि मोडतोडीच्या घरात झुरळे आपापली बिळे सोडून बाहेर पडलेली असतात. त्यासाठीही रात्रीची साफसफाई टाळू नये.

आता फराळाकडे वळते, कारण हा या परीक्षणाचा गाभा आहे.

शेगडीवर २०० पासून २००० वॅटपर्यंतच्या पायऱ्या लिहिलेल्या असतात. त्यावरून वाटते की गॅसची ज्योत जशी हवी तशी बारीक करता येते तसेच येथे असेल. तसे नाही. या किमतीच्या बहुतेक शेगड्या सुमारे हजार वॅटच्या खाली सलग मंद आच देतच नाहीत. त्या काही क्षण मोठी आच देतात, काही क्षण पूर्ण बंद होतात, पुन्हा मोठी आच देतात, आणि सरासरी काढून त्याला ३०० किंवा ५०० वॅट म्हणतात. पाणी, वरण, भाजी यांना याने काही फरक पडत नाही. बेसनाला पडतो. बेसनाच्या लाडवांसाठी डाळीचे पीठ तुपावर मंद आचेवर, सारखे हलवत, खमंग वास सुटेपर्यंत भाजावे लागते, आणि त्या मंदपणावरच लाडवाची चव अवलंबून असते. इंडक्शनवर पीठ ‘बंद’च्या काळात निवांत असते आणि ‘चालू’च्या काळात तळाशी एकदम करपू पाहते. त्यातच उष्णता संपूर्ण तळाला सारखी मिळत नाही. खाली वेटोळे असल्यामुळे तळावर कड्यासारखा एक पट्टा अधिक तापतो आणि पीठ नेमके त्या कड्यावर तांबूस होते. जाड तळाच्या कढईने हा दोष बराच कमी होतो. पातळ भांड्यात बेसन भाजण्याचा विचारही करू नये. सासूबाईंनी उलथन्याऐवजी सपाट लाकडी डाव घेतला, तो कड्यावरून सतत फिरवत ठेवला आणि दर काही मिनिटांनी कढई क्षणभर उचलून धरली. बेसन चांगले भाजले गेले, पण कष्ट गॅसच्या दीडपट पडले, असे त्यांचे मत आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे. रव्याचे लाडू त्यामानाने सोपे गेले, कारण रवा एवढ्या लवकर तळाला धरत नाही.

पातळ पोह्यांचा चिवडा करताना पोहे आम्ही शेगडीवर भाजलेच नाहीत. ते गच्चीवर कडक उन्हात वाळवले. ऑक्टोबरच्या उन्हात ते दुपारभरात छान कुरकुरीत होतात आणि आकसतही नाहीत. फोडणी मात्र शेगडीवर करावी लागली, आणि तेथे दुसरी अडचण आली : फोडणीची छोटी कढली. तळाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा कमी असला तर बहुतेक शेगड्या ते भांडे ओळखत नाहीत आणि पिकपिक आवाज करून बंद पडतात. रोजच्या वरणाची, कोशिंबिरीची फोडणी त्यामुळे मोठ्या भांड्यात करावी लागते आणि तेल जास्त लागते. ज्यांच्या घरी जेवताना वरून फोडणी देण्याची पद्धत आहे त्यांना हे रोज जाणवेल.

पाकाच्या बाबतीत मात्र शेगडीने गॅसला मागे टाकले, हे मोकळ्या मनाने नोंदवते. रव्याच्या लाडवांचा एकतारी पाक करताना कसोटीचा क्षण थोडाच असतो. गॅस बंद केल्यावरही भांड्याभोवतीची लोखंडी जाळी तापलेली राहते आणि पाक पुढे सरकतो. येथे बटण दाबताच उकळी खाली बसते. अंगठा आणि तर्जनीमध्ये तार पाहायला पुरेसा अवधी मिळतो, घाई होत नाही. दूध तापवताना हाच गुण कामी येतो.

तळणीचे सविस्तर सांगायला हवे. शेगडीवर तापमानाची बटणेही असतात, आणि १८० अंश लावले की तेल १८० अंशांवर राहील असा समज होतो. परंतु तापमान मोजणारा भाग काचेखाली असतो. तो काचेचे तापमान पाहतो, तेलाचे नाही. जाड कढईत हे अंतर बरेच पडते. म्हणून आम्ही तापमानाचे बटण सोडून दिले आणि वॅटच्या पायऱ्यांवरच तळण केले. चकलीसाठी तेल तापेपर्यंत १६०० वॅट, पहिल्या चकल्या सोडताच १८००, आणि बुडबुडे कमी होऊ लागले की १२००, हे प्रमाण आमच्या कढईला आणि तीत घेतलेल्या तेलाला जमले. चकली थंड तेलात पडली तर तेल पिते आणि मऊ पडते, फार कडक तेलात पडली तर वरून लाल आणि आतून कच्ची राहते. शेगडीवर तेलाचे तापमान चकल्या सोडल्यावर गॅसपेक्षा लवकर सावरते, असे आम्हाला दिसले. पहिल्या घाण्यातील थोड्या चकल्या मऊ निघाल्या, पुढच्या सर्व काटेरी आणि कुरकुरीत झाल्या. शंकरपाळ्यांना १००० ते १२०० वॅटची सलग आच पुरते आणि त्या एकसारख्या रंगाच्या होतात. करंज्यांना त्याहून मंद आच हवी असते आणि तेथे पुन्हा आच चालू-बंद होऊ लागते. कढईत तेल थोडे जास्त घेतले तर तेच उष्णता धरून ठेवते आणि फरक जाणवत नाही. अनारसे आम्ही केले नाहीत. ते तुपात, अगदी मंद आचेवर, जाळी वरच्या बाजूला ठेवून, वरून तूप उडवत तळायचे असतात, आणि आच सलग मंद नसेल तर तुपात विरघळून जातात. अनारशांचे पीठ भिजवून ठेवलेल्या कोणत्याही गृहिणीला मी या शेगडीची शिफारस करणार नाही.

तळताना आणखी एक जपायचे. तेलाने भरलेली कढई उचलावी लागली तर ती काचेवरून सरकवू नये, आणि तळणीचा झारा काचेवर आपटू नये. ही काच उष्णतेला चिवट असते, आघाताला नाही. तिच्यावर अतिजड भांडेही ठेवू नये. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात गीझर नव्हता, फरशी नुकतीच बसली होती आणि अभ्यंगस्नानासाठी शौचालयालगतच्या लहान मोरीचा आधार होता. तेव्हा पाण्याचा मोठा हंडा शेगडीवर ठेवण्याचा विचार पुढे आला होता. आम्ही तो बाजूला ठेवला आणि पाच-सहा लिटरच्या पातेल्यात खेपांनी पाणी तापवले. एक लिटर पाणी उकळायला या शेगडीला साधारण तीन-साडेतीन मिनिटे लागतात, त्यामुळे आंघोळीपुरते पाणी तापायला एका खेपेला दहा मिनिटांच्या आसपास लागली. पहाटे साडेचारला सासूबाईंनी मुलांना उटणे लावले, एकाची आंघोळ होईपर्यंत दुसऱ्याचे पाणी तयार होत गेले, आणि सूर्योदयापूर्वी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. बैठकीच्या खोलीत, खोक्यांच्या रांगेला लागून, सर्वांनी एकत्र बसून फराळ केला. ओटा नसल्यामुळे स्वयंपाक करणारी व्यक्ती एरवी आत एकटी असते तशी त्या दिवसांत राहिली नाही. लाडू वळताना थोरली मुलगी शेजारी बसून बेदाणे लावत होती, यजमान खोक्यांवर यादी लिहिता लिहिता चकल्या मोजून डब्यात भरत होते. ठेंगण्या टेबलावरच्या शेगडीमुळे जे झाले त्यातले हे मला सर्वांत मोलाचे वाटते. धाकट्याने मोडतोडीच्या विटा आणि उरलेली वाळू खाली नेऊन सोसायटीच्या आवारात किल्ला केला, तोही याच दुरुस्तीचा लाभ म्हणायचा.

रोजच्या जेवणात काय होत नाही, तेही सांगते. वांग्याचे भरीत होत नाही, कारण वांगे भाजायला ज्योत लागते. पापड तव्यावर दाबून भाजावा लागतो आणि तो फुलत नाही. फुलका ज्योतीवर टाकून फुगवता येत नाही. तव्यावरच कापडाने दाबून फुगवावा लागतो. भाकरी बिडाच्या तव्यावर उत्तम भाजली जाते, फक्त दुसरी बाजू निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर शेकण्याची चव येत नाही. भात, वरण, उसळी, पालेभाज्या, साबुदाण्याची खिचडी यांत काहीही उणे नाही. चहा तर गॅसपेक्षा लवकर होतो.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी. ज्योत दिसत नसल्यामुळे लहान मुलांना काच थंड वाटते. परंतु भांडे उचलल्यावर ती भांड्याइतकीच गरम असते आणि चटका बसू शकतो. ‘शेगडीला ज्योत नाही म्हणजे ती गार आहे’ हा समज मुलांच्या मनातून पहिल्याच दिवशी काढून टाकावा. दुसरे, घरात ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी शेगडीजवळ उभे राहण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकातही ही सूचना असते.

खर्चाचा हिशेब अनेकांनी विचारला आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. भारतीय मानकानुसार गॅसच्या शेगडीने त्यातील निदान ६८ टक्के भांड्यापर्यंत पोहोचवावी लागते, म्हणजे हाती सुमारे १२२ युनिट येतात. इंडक्शन सुमारे ८५ टक्के उष्णता भांड्याला देते असे धरले तर तेवढ्याच कामाला साधारण १४४ युनिट वीज लागेल. २०२५ च्या दिवाळीत घरगुती सिलिंडर साडेआठशे रुपयांच्या आसपास मिळत होता; त्या भावाने युनिटमागे सहा रुपयांच्या खाली वीज पडली तरच इंडक्शन स्वस्त. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात आणि १०० युनिटांच्या पुढे एकदम वाढतात. ज्यांचा वापर मुळातच त्या पुढचा आहे त्यांना संपूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर करणे महागच जाईल. तात्पुरत्या दिवसांसाठी हा फरक सोसण्याजोगा आहे, कायमचा पर्याय म्हणून घेताना मात्र आपले वीजबिल समोर ठेवून ठरवावे.

स्थलांतराच्या दिवशी शेगडी सर्वांत शेवटी बांधली आणि सर्वांत आधी सोडली. मूळ खोके आणि त्यातील थर्माकोलचे साचे जपून ठेवलेले होते. ते नसते तर काच सुखरूप पोहोचली असती याची मला खात्री वाटत नाही. आपटून फुटलेली काच सहसा वॉरंटीत धरली जात नाही, म्हणून ज्यांना घर बदलायचे आहे त्यांनी ते खोके मुळीच टाकू नये. सामान नेणारी मंडळी गॅसचे सिलिंडर गाडीत घेत नाहीत. इंडक्शनला ती अडचण नाही. नाशिकला पोहोचल्यावर नव्या घरातील पॉवर पॉइंट तपासून घेतला आणि व्हाउचरवर नवा सिलिंडर येईपर्यंत सगळा स्वयंपाक हिच्यावरच झाला. आता गॅस आला आहे. बेसन, पापड आणि फोडणी गॅसवर, दूध, चहा, कुकर आणि पाक इंडक्शनवर, अशी वाटणी सासूबाईंनी केली आहे, आणि पितळी पातेले फडताळात पुन्हा आपल्या जागी लागले आहे.